सहा हजार गाड्या आणि आमची एक ट्रॉली

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या उन्हाळ्याच्या सुटीत, आमच्या इंदूरच्या घराची मागची बाजू उतरवावी लागली. रामबागेतील हे घर माझ्या पणजोबांचे. ते साताऱ्याकडून माळव्यात आले, होळकर सरकारच्या हिशेब खात्यात चिकटले आणि नोकरीत स्थिर झाल्यावर त्यांनी हे दोन मजली घर बांधले. पुढची बाजू विटा-चुन्याची आणि कडीपाटाची. मागे स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि त्यावरची एक खोली. ही मागची बाजू वडिलांनी १९९८ साली सिमेंटात नव्याने बांधून घेतली होती. गंमत अशी, की शंभर वर्षांहून जुनी पुढची बाजू अजून उभी आहे आणि सत्तावीस वर्षांच्या मागच्या खोलीच्या स्लॅबमधून सळया बाहेर डोकावू लागल्या. म्हणून ती उतरवायची, आणि पुढचाही एक कच्चा झालेला कोपरा सोडवून पुन्हा बांधायचा, असे ठरले.

ठेकेदाराने काम पाहिले, दर सांगितला आणि जाता जाता विचारले, "सर, मलबे का क्या करना है?"

आपण ज्याला राडारोडा म्हणतो त्याला इकडे मलबा म्हणतात. भंगार-अडगळीला शब्द आहे अटाला. चार पिढ्या इंदुरात काढलेल्या आमच्यासारख्या घरांत 'माळ्यावरचा अटाला काढा' असे मराठी सर्रास बोलले जाते आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. तर सांगायचे ते हे, की ठेकेदाराचा तो प्रश्न मला अनपेक्षित होता. १९९८ साली तो कुणी विचारलाच नव्हता. मी इतिहासाचा विद्यार्थी. घर कुणी बांधले, केव्हा बांधले, खर्च काय आला, हे सारे आमच्या दप्तरात सापडते. घरातून बाहेर काय टाकले आणि ते कुठे गेले, याची नोंद मात्र कुठल्याच दप्तरात नसते. ती शोधावी असे मनात आले, आणि शोधताना एका जुन्या दिवाळीपाशी जाऊन पोचलो.

ती दिवाळी १९१७ सालची. इंदूरच्या गादीवर तुकोजीराव होळकर तिसरे होते. शहरात प्लेग वारंवार येत होता. प्लेग म्हटले की आपल्या मराठी मनात पहिल्यांदा पुणे उभे राहते. १८९७ साली रँडच्या कमिटीने गोरे सोल्जर घरोघर घुसवले, देवघरे आणि माजघरे तुडवली, सामानसुमान रस्त्यावर ओढून काढले, कितीतरी जाळले. आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत चापेकरांनी त्याचा जाब घेतला. हुबळी-धारवाड-बेळगावकडच्या वाचकांच्या घरांतही गावाबाहेर झोपड्या घालून राहिल्याच्या आठवणी आजी-पणजीकडून आलेल्या असतील. रोगाचे शास्त्र तोवर पुष्कळसे उलगडले होते. जंतू १८९४ साली येर्सिनने हाँगकाँगमध्ये ओळखला होता आणि उंदरांच्या अंगावरची पिसू हा रोग पसरवते, हे सिमाँने १८९८ साली सांगितले होते. म्हणजे खरा प्रश्न होता उंदराच्या बिळाचा. बीळ कुठे असते? मातीच्या भिंतीत, धान्याच्या कोठीमागे आणि अडगळीत. घरातली अडगळ बाहेर गेली पाहिजे, हे सरकारलाही कळत होते. ती बाहेर काढायची कशी, याचे पुण्यातले उत्तर सगळ्या देशाने पाहिले होते.

होळकर दरबाराने नगररचनेसाठी पॅट्रिक गेडिस नावाच्या एका स्कॉटिश पंडिताला बोलावले होते. मूळचा हा वनस्पतिशास्त्रज्ञ. पुढे शहरांच्या अभ्यासाकडे वळला. (हेच गेडिस १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. आपले गो. स. घुर्ये त्यांचे विद्यार्थी.) दाढी वाढलेला, हातात नकाशे घेतलेला हा म्हातारा गल्लीबोळांतून हिंडू लागला, तेव्हा लोक त्याच्याकडे बोट दाखवून कुजबुजत. प्लेग आणणारा साहेब तो हाच, असे ते म्हणत असल्याचे त्याला कळले. साहेब घरे मोजून गेला की घरे पडतात, हा लोकांचा अनुभव होता आणि तो अगदीच खोटा नव्हता.

गेडिसने मग एक विलक्षण मागणी केली. मला एका दिवसासाठी महाराज करा, असे त्याने दरबाराला म्हटले, आणि दरबाराने ते मान्य केले. त्याने दवंडी पिटवली की यंदा दिवाळीला एक नवी मिरवणूक निघेल. तिचा मार्ग नेहमीचा असणार नाही. ज्या रस्त्यांवरची घरे सर्वांत अधिक झाडलेली, दुरुस्त केलेली आणि रंगवलेली दिसतील, त्या रस्त्यांनी ती जाईल. आणि घरातला कचरा, अडगळ, पडझडीचे दगडमाती दारात आणून ठेवा, सरकारी गाड्या ते फुकट उचलून नेतील.

परिणाम जो व्हायचा तो झाला. गल्लीगल्लीत चुरस लागली. सहा हजारांवर गाड्या भरून कचरा घराघरांतून आणि परसांतून निघाला. सोल्जरच्या संगिनीने जे पुण्यात साधले नाही ते इथे मिरवणुकीच्या मानाने साधले. मिरवणुकीत हत्ती-घोडे होते, पिकांचे देखावे होते, मग पडक्या घरांच्या प्रतिकृती होत्या. घाणीचा राक्षस होता, डास होते आणि एक प्रचंड उंदीर होता. त्यांच्यामागून शहराचे झाडूवाले आले. अंगावर पांढरेशुभ्र कपडे, हातात नवे झाडू. त्यांच्या कचऱ्याच्या गाड्यांना आणि बैलांना फुलांच्या माळा. त्यामागे नव्या, नीटस घरांचे नमुने. हजारोंनी तुळशीची रोपे वाटली गेली. शेवटी राक्षस आणि उंदीर यांचे दहन झाले आणि दारूकाम उडाले.

लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिलाच लक्ष्मी म्हणून हळदकुंकू वाहणारी आपली रीत आणि मध्यरात्री सूप बडवून अलक्ष्मीला घराबाहेर घालवणाऱ्या आपल्या आज्या, हे सारे त्या परदेशी माणसाने किती जवळून पाहिले असावे याचे मला नवल वाटते. तथापि शाळेत मुलांना आम्ही पुराव्याची पारख शिकवतो, म्हणून हेही सांगितले पाहिजे, की ही हकीकत मुख्यत्वे गेडिसच्याच तोंडची आहे. अमेलिया डेफ्रिस या बाईंनी १९२७ साली त्याच्यावर लिहिलेल्या पुस्तकातून ती जगभर पसरली. सांगणाऱ्याने स्वतःच्या पदरात थोडे अधिक माप घातले असण्याचा संभव आहे. प्लेगला स्वतःचा ऋतू असतो. तो ओसरला याचे सगळे श्रेय मिरवणुकीला देता येणार नाही.

आमच्या घरी या मिरवणुकीचा एक साक्षीदार आहे म्हणतात. माझी आत्या आज शहाऐंशी वर्षांची आहे. तिची आजी, म्हणजे माझी पणजी, १९१७ साली नुकती लग्न होऊन या घरात आली होती. आमच्या परसातल्या वृंदावनातली तुळस ही सरकारने वाटलेल्या रोपाच्या वंशातली, असे ती शेवटपर्यंत सांगे. इतिहासाच्या कोर्टात हा पुरावा उभा राहणार नाही. तुळस दर दोन-चार वर्षांनी वाळते, मंजिऱ्यांतून नवी उगवते, मध्येच शेजारून कुणी आणून लावते. परंतु घर उतरवताना वृंदावन हलवू का, असे मिस्त्रीने विचारले तेव्हा आत्याच्या आधी मीच नाही म्हणालो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सहा हजार गाड्या कचरा उचलला गेला, हे सर्वजण लिहितात. त्या गाड्या कुठे रिकाम्या झाल्या, हे मी बरेच दिवस शोधले. गेडिसचा इंदूरवरील अहवाल १९१८ साली दोन खंडांत छापला गेला. त्यात घाण पाण्याने दूर वाहून नेणाऱ्या महागड्या गटार-योजनांवर त्याने कडक टीका केली आहे, शहराची घाण बागांच्या मातीत मुरवावी असा आग्रह धरला आहे, आणि जुनी वस्ती सरसकट पाडण्याऐवजी एखादी पडकी भिंत काढून, एखादा बोळ मोकळा करून ती सुधारावी, असे दाखवून दिले आहे. शस्त्रक्रिया करावी, पण अवयव राखून, असा त्याचा विचार. त्याच्या डोक्यात उत्तर होते, हे उघड आहे. पण दरबाराकडे त्या उत्तराचे खाते नव्हते, माणसे नव्हती, जागा नव्हती. मिरवणूक एका दिवसाची झाली. दुसऱ्या वर्षी अडगळ पुन्हा साठली असणार. अडगळीचा स्वभावच तो.

नियतीचा खेळ असा, की उत्तर इंदुरातच सापडले आणि तेही सात वर्षांच्या आत कामाला लागले. १९२४ साली आल्बर्ट हॉवर्ड हे इथल्या वनस्पती-संशोधन संस्थेचे संचालक झाले. आजच्या कृषी महाविद्यालयाची ती जागा. पालापाचोळा, पिकांची धसकटे, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि चुलीतली राख यांचे थर खड्ड्यात रचायचे, ओल राखायची, ठरल्या मुदतीने उलटापालट करायची. तीन महिन्यांत काळेभोर खत तयार. हीच ती इंदूर पद्धत. १९३१ साली हॉवर्डनी तिच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यावर दुसरे नाव आहे यशवंत वाड यांचे. वाड हे संस्थेतील रसायनशास्त्राचे काम पाहणारे सहायक. हॉवर्ड पुढे 'सर' झाले आणि सेंद्रिय शेतीचे जनक म्हणून जगात गाजले. वाडांचे नाव आज खुद्द इंदूरच्या मराठी मंडळींत किती जणांना ठाऊक आहे? मी आमच्या शिक्षकांच्या खोलीत विचारून पाहिले. एकालाही नव्हते. १९३५ च्या एप्रिलमध्ये हिंदी साहित्य संमेलनासाठी आलेल्या गांधीजींनी ही संस्था मुद्दाम पाहिली होती. कृषीच्या क्रमिक पुस्तकांत 'इंदूर पद्धत' आणि पाठोपाठ आचार्यांची 'बंगलोर पद्धत' अशी जोडी असते. सीमाभागातल्या शाळांत शिकलेल्यांनी ती मार्कांसाठी घोकलेली असेल.

खरे म्हणजे आपल्याकडे उकिरडा होताच. शेण, राख, केर, उष्टे-खरकटे सगळे एका खड्ड्यात जाई आणि वैशाखात शेतात पडे. हॉवर्ड-वाडांनी त्याला शिस्त लावली, इतकेच म्हणा ना. घरातून बाकी काय बाहेर जायचे? जुने कपडे बोहारीण नेई, तांब्या-पितळेची मोड तांबटाकडे, रद्दी वाण्याकडे पुड्यांसाठी, नारळाची करवंटी बंबात. घर पाडले तर तुळया, दारे, चौकटी, विटा, कौले यांचा वेगळा बाजार असे. टाकून द्यायला उरे ती माती, आणि माती परत मातीच. शहरे वाढली, उकिरडे बुजले, सिमेंट आणि प्लॅस्टिक आले. ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, ती लांबवत नाही.

या ठिकाणी मला माझी एक गोष्ट सांगायची आहे. १९९८ च्या मे महिन्यात वडिलांनी मागची बाजू बांधायला काढली तेव्हा जुन्या स्वयंपाकघराचा राडारोडा एका ट्रॅक्टर-ट्रॉलीत भरून रात्री दहानंतर हलवला गेला. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, एम.ए. झालेलो होतो, शाळेत इतिहास शिकवू लागलो होतो. वाट दाखवायला ठेकेदाराच्या माणसाबरोबर मीच बॅटरी घेऊन गेलो. जवळच्या नाल्याच्या काठावर त्याने ट्रॉली उलटी केली. पाच मिनिटांचे काम. आधीच्या कुणाकुणाच्या ढिगांशेजारी आमचाही एक ढीग पडला. 'बरसात में बह जाएगा,' तो म्हणाला, आणि मला त्यात काही चूक वाटली नाही.

त्या पावसाळ्यात नाल्याचे पाणी काठावरच्या वस्तीत शिरले. माझ्या सातवीच्या वर्गातला एक मुलगा तिथे राहत असे. तो तीन दिवस आला नाही, आणि आला तेव्हा त्याच्या दप्तरातल्या वह्यांची पाने एकमेकांना चिकटलेली होती. नाला एका ट्रॉलीने तुंबत नाही, हे मला कळते. त्या काठावर शंभर घरांचे ढीग असतील. पण त्या शंभरातला एक कुणाचा, हे वर्गात फक्त मला माहीत होते. मी त्याला नव्या वह्या आणून दिल्या. सरांचा दयाळूपणा म्हणून त्याच्या आईने दुसऱ्या दिवशी डब्यातून गुळपापडी पाठवली. मी ती खाल्ली.

असो. तर ठेकेदाराने 'मलबे का क्या करना है' असे विचारले तेव्हा मी म्हटले, महापालिकेला फोन करू.

इंदूरची मधली हकीकत आपण वर्तमानपत्रांतून वाचली असेल. २०१६ च्या स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर पंचविसावे होते आणि २०१७ साली पहिले आले. तेव्हापासून पहिल्या क्रमांकाचा मान सलग मिळत गेला (२०२३ चा सुरतेबरोबर विभागून). बाहेरगावचे पाहुणे सराफ्यातली खाऊगल्ली पाहतात आणि रस्त्यावर कागदाचा कपटा नाही म्हणून थक्क होतात. मला त्याहून मोठी वाटते ती देवगुराडियाची गोष्ट. शहराच्या पूर्वेला महादेवाचे जुने देऊळ आहे, शिवरात्रीला जत्रा भरते. त्या बाजूच्या मैदानावर वर्षानुवर्षे सगळ्या शहराचा कचरा ओतला जात होता. त्याचे डोंगर झाले होते, उन्हाळ्यात ते पेट घेत आणि धूर लांबवर पसरे. २०१८ च्या सुमारास यंत्राच्या मोठमोठ्या फिरत्या चाळण्या लावून हा तेरा लाख टनांच्या आसपासचा जुना कचरा चाळून वेगळा करण्यात आला. माती भरावाला, प्लॅस्टिक सिमेंटच्या भट्ट्यांना आणि रस्त्यांना, दगडविटा वेगळ्या. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी तिथेच ओल्या कचऱ्यापासून वायू बनवणाऱ्या कारखान्याचे उद्घाटन झाले. दिवसाला साडेपाचशे टन ओला कचरा घेण्याची त्याची क्षमता. शहराच्या बसगाड्या त्या वायूवर चालतात. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. इथे बारापेक्षा पुष्कळ अधिक लागली, पण फिटले.

त्याच आवारात राडारोड्याचे केंद्र आहे, दिवसाला शंभर टन क्षमतेचे. ठरलेले शुल्क भरले की पालिकेची गाडी येऊन मलबा उचलते. गाडीबरोबर आलेल्या तरुण मुकादमाने पहिल्याच दिवशी आमची शाळा घेतली. लाकूड, लोखंड, वायर, प्लॅस्टिक वेगळे काढा. घरचा केर यात घालू नका. रंगाचे उरलेले डबे, ट्यूबलाइट, बॅटरीचे सेल हे घातक कचऱ्यात, घंटागाडीच्या वेगळ्या कप्प्यात. मागच्या पडवीवरचे सिमेंटी पत्रे जुने, म्हणजे त्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असणार. ते फोडू नका, त्याची धूळ फुफ्फुसात बसते. पाणी मारून अखंड उतरवा, बाजूला ठेवा आणि मलब्यात मिसळू नका. मुख्याध्यापक म्हणून रोज सूचना देणारा मी वहीत सूचना उतरवून घेत होतो, ते पाहून आमच्या सौ. हसत होत्या.

उतरवण्याचे काम तीन आठवडे चालले आणि त्यात मला जी गोष्ट दिसली ती कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती. पुढचा कोपरा पणजोबांच्या काळचा, चुन्यात बांधलेला. मिस्त्रीच्या हातोडीचा हलका घाव बसला की वीट सांध्यातून सुटे, चुना झडून पडे आणि वीट अखंड हातात येई. एका दिवसात आम्ही सहाशेवर विटा रचून ठेवल्या, आणि त्याच विटा तो कोपरा पुन्हा उभा करायला वापरल्या. तुळईचे सागवान जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने नेले. नेताना असे कुरवाळले की मला परत मागावेसे वाटले. मागची बाजू मात्र १९९८ ची, सिमेंटातली. तिथे सांधा विटेहून बळकट. घाव घातला की वीट फुटे आणि सांधा तसाच राही. एकही वीट कामाची निघाली नाही. स्लॅबमधल्या सळया तेवढ्या अटालेवाल्याने वजनावर नेल्या. पणजोबांचे बांधकाम मोडले तर त्यातून घर निघत होते, वडिलांचे मोडले तर फक्त मलबा. वडिलांना दोष देत नाही. सगळ्या पिढीने तसेच बांधले, आणि माझी नवी खोलीही सिमेंटातच झाली आहे. ही नवी खोली पुढे कुणी उतरवील तेव्हा त्याच्याही पदरात मलबाच येणार, हे ठाऊक असून मी चेकवर सही केली. चुन्यात बांधणारा मिस्त्री आता मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही.

घरातल्या वस्तूंचे प्रकरण याहून नाजूक होते. २०२३ च्या मे महिन्यात सरकारने गावोगावी वापरलेल्या वस्तू घेणारी केंद्रे उघडायला सांगितली. जुनी पुस्तके, कपडे, खेळणी, भांडी तिथे आणून द्यायची, ज्याला हवी त्याने न्यायची. आमच्या भागातल्या अशा केंद्रात मी तीन फेऱ्या केल्या. वडिलांची इंग्रजी गाईडे, मुलीची सायकल, लग्नात आलेले चार जादा भिंतीवरचे घड्याळ. आत्याने तांब्याचा बंब मात्र सोडला नाही. "अरे, त्यात काय घालणार आता तू, करवंट्या आहेत कुठे?" असे मी म्हणालो तर तिने उत्तर दिले, "करवंट्या नाहीत म्हणून बंब द्यायचा, उद्या दात नाहीत म्हणून मला देशील." बंब जिन्याखाली आहे.

शेवटच्या खेपेला मी गाडीमागून देवगुराडियाला गेलो. मोठे तुकडे यंत्राच्या जबड्यात पडतात, भरडून बाहेर येतात, चाळणीवर खडी, बारीक खडी, रेती असे वेगळे होतात. त्यात सिमेंट मिसळून फरसबंदीचे ठोकळे पाडतात आणि ते ओळीने पाणी मारत वाळवत ठेवतात. धूळ बसावी म्हणून सतत पाण्याचा फवारा. आमची न्हाणीघराची हिरवी फरशी त्या ढिगात मला दोन ठिकाणी ओळखू आली, मग ओळखू येईनाशी झाली. शेजारच्या आवारात सुका कचरा निवडणाऱ्या बायका हातमोजे घालून पट्ट्यापाशी उभ्या होत्या. यांतल्या कित्येक पूर्वी याच ढिगांवर उन्हातान्हात भंगार वेचत. आता डोक्यावर छप्पर आहे, ओळखपत्र आहे. काम तेच आहे. मला १९१७ च्या मिरवणुकीतले पांढऱ्या कपड्यांतले झाडूवाले आठवले. एका दिवसाच्या महाराजाने त्यांना एक दिवस मिरवले. दुसऱ्या दिवशी पहाटे तेच लोक त्याच गल्ल्यांत त्याच टोपल्या उचलत होते, आणि बहुतांश त्यांचीच नातवंडे-पतवंडे आज रात्रपाळीला आमचे रस्ते झाडतात. शहर सलग पहिले आले, या वाक्याचा कर्ता कोण, हे व्याकरणाच्या तासाला विचारण्यासारखे आहे.

आणि पहिल्या क्रमांकाचेही फार कौतुक करू नये, असे सांगणारी घटना नंतर लगेच घडली. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस याच शहरातल्या भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले, शेकडो लोक आजारी पडले आणि माणसे दगावली. डोळ्यांना दिसणारी घाण आम्ही उचलली. जमिनीखाली काय कशात मिसळते आहे, तिकडे कुणाचे लक्ष गेले नाही. गेडिस शंभर वर्षांपूर्वी गटारांवरून भांडत होता.

नवी खोली दिवाळीच्या आत झाली. आत्याने वृंदावनाला गेरू लावला. दिवाळीच्या आदल्या रविवारी मी घराच्या कागदांची फाईल नीट लावायला बसलो. घरपट्टीच्या पावत्यांमागे पालिकेची मलबा-शुल्काची पावती लावली. तीवर तारीख आहे, गाडीचा क्रमांक आहे. तिच्याच मागे वडिलांनी जपून ठेवलेले १९९८ चे ठेकेदाराचे बिल निघाले. विटा, सिमेंट, रेती, मजुरी, सगळे तपशीलवार. सर्वांत खाली पेन्सिलने एक ओळ: 'मलबा उठाई, एक ट्रॉली, १५० रु.' पुढे ठिकाणाचा रकाना नाही. मी त्या ओळीपुढे शाईच्या पेनाने नाल्याचे नाव लिहिले, सही केली आणि फाईल बांधून ठेवली.